वाळवण

वाल्दिव्हियात जूनमध्ये कुणी विचारत नाही, पाऊस आहे का.
विचारतात, सरपण कोरडं आहे का.
दोन ओंडके एकमेकांवर आपटायचे:
टण्ण आलं तर घ्यायचं,
थप्प आलं तर गाडी परत.

ओसिएल तसं करत नाही आता.
आरागिरणीनं छत्तीस वर्षांत त्याचे कान कातून नेले,
भुशाबरोबर, एकेक सूर.
तो ओंडका हनुवटीला टेकवतो, दुसऱ्यानं ठोकतो
आणि हाडातून जे येईल त्यावर भाव ठरवतो.
फसलेला मी पाहिला नाही.

पट्टा त्याच्यासाठीच करायला घेतला.
मनगटाला बांधायचा. दार वाजलं की थरथरेल,
किटलीची शिटी झाली की थरथरेल,
मी हाक मारली की –
हे मात्र त्याला सांगितलं नव्हतं.

माइक मसुरीच्या डाळीएवढा,
त्याचा कान म्हणजे सुईच्या टोकाचं भोक.
सान्तियागोहून पाच आले, कापलेल्या रिळाच्या तुकड्यात,
साध्या पिशवीत. सोबत एक कार्ड, त्यावर तीन ठिपके,
निळे असायला हवेत असे.
तिन्ही गुलाबी.

घाई माझी. त्याच रात्री डाख द्यायला बसले.
गरम हवा, दोनशे पन्नास अंश,
आणि कुठंतरी टिक.
नखावर ऊ मारावी तसं.
भिंगाखाली पाहिलं: पोट फुगलेलं, कडेला केसाएवढी भेग.
आत मुरलेलं पाणी, दिसण्याइतकंही नव्हतं ते,
वाफ झालं आणि भिंतीतून दार काढून गेलं.

ओसिएलनं भिंग घेतलं नाही. भेगेवरून नख फिरवलं आणि हसला.
"पहिल्या वर्षी भट्टीतली अख्खी खेप अशीच घालवली मी.
वरून खडखडीत, आतून ओली.
बाहेरचं आधी आवळतं, मग आतलं ऐकत नाही.
लाकडाला घाई कळत नाही, नेलिदा."
तो मोठ्यांदा बोलतो. शेजाऱ्यांनाही कळलं.

सव्वाशे अंशांत एका रात्रीत काम झालं असतं,
पण रिळाचं प्लास्टिक वितळतं,
आणि सुटे करावेत तर माझी बोटं पूर्वीची नाहीत.
मग चाळीस अंश. नऊ दिवस.
सफरचंदाच्या चकत्या वाळवायचं यंत्र रिकामं केलं,
चकत्या तशाच चामट खाल्ल्या आम्ही, आठवडाभर.
एवढ्या मोठ्या जाळीवर चार माइक.
जगातलं सगळ्यात छोटं वाळवण.

रात्री उठून तो यंत्रावर तळहात ठेवायचा,
आकडा समोर दिसत असताना.
चौथ्या रात्री दोन तास वीज गेली.
मी म्हटलं, चालेल.
त्यानं वहीत लिहिलं, आणि दोन तासांचे
बारा करून पुढं जोडले.

दहाव्या दिवशी माइकचं भोक पिवळ्या पट्टीनं झाकलं,
तोफ उडायच्या आधी पोराचे कान झाकावेत तसं.
गरम हवा. मी श्वास धरून.
तो माझ्या चेहऱ्याकडे बघत बसला,
टिक झालं तर त्याला तिथंच कळणार होतं.

झालं नाही.

पट्टा बांधला. थरथरायला लागला आणि थांबेना.
दारात कुणी नव्हतं. किटली गार.
मला कळायला वेळ लागला:
पत्र्यावरचा पाऊस.
ज्याचा एक थेंब आत जाऊ नये म्हणून इतकं केलं,
त्याच्याशीच आधी ओळख काढली पठ्ठ्यानं.

मी म्हटलं, काढ, पाऊस गाळून टाकते,
प्रोग्रामच्या दोन ओळी बदलायच्या फक्त.
त्यानं ओठ वाचले, मनगट मागे घेतलं.
डोळे मिटून बराच वेळ.
"उत्तरेचा आहे," तो म्हणाला.
मोठ्यांदा.

उरलेले तीन बरणीत ठेवलेत,
भट्टीत कोरड्या केलेल्या दाण्यांच्या पुरचुंडीशेजारी.
झाकणावर पेन्सिलीनं तारीख, त्याखाली
उघडल्यापासून तास: एकशे अडुसष्ट.
कार्ड नवं घातलंय. काचेतूनच बघते.
पट्ट्यातल्या दोन ओळी अजून बदललेल्या नाहीत.